तीस तासांचा हिशेब

जुलै २०२३ मध्ये प्राचार्यांनी केबिनमध्ये बोलावलं आणि विचारलं, "मॅडम, एखादा ॲड-ऑन कोर्स ऑनलाइन चालवाल का?" नॅकच्या मूल्यांकनाची फेरी जवळ आली होती. असा कोर्स मोजला जायचा असेल तर तो तेव्हा किमान तीस तासांचा लागायचा. आमचं कॉलेज सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आहे. निम्मी मुलं एसटीने येतात. दुपारची गाडी चुकली की संध्याकाळपर्यंत स्टँडवर बसावं लागतं. त्यामुळे कॉलेज सुटल्यावर जादा तास घेणं शक्य नव्हतं. मी अर्थशास्त्र शिकवते आणि सांख्यिकीचा पेपर तेवीस वर्षं माझ्याकडे आहे. मी लगेच हो म्हटलं.

लगेच हो म्हणण्यामागचं कारण सांगून टाकते. कोरोनाच्या काळात घरून घेतलेल्या तासांची रेकॉर्डिंग माझ्याकडे होती. साठेक तास तरी असतील. त्यातले बरे तीस निवडायचे, ओळीने लावायचे, झाला कोर्स. पंधरा दिवसांचं काम, असं मी घरी सांगितलंसुद्धा. प्रत्यक्षात पाच महिने लागले, आणि त्या साठ तासांतलं एक मिनिटही वापरता आलं नाही.

पहिलं रेकॉर्डिंग लावलं ते बावन्न मिनिटांचं होतं. त्यातली पहिली नऊ मिनिटं मी "आवाज येतोय का? कोणाकोणाला येतोय?" एवढंच म्हणत होते. मग हजेरी. मग कोणाच्या तरी घरातली शिट्टी आणि माझं "म्यूट करा रे." शिकवायला सुरुवात झाली तीही "काल आपण जे पाहिलं" अशी. काल काय पाहिलं ते मलाच आठवेना. दुसरं, तिसरं, चौथं लावून पाहिलं. त्या दिवसांत ते तास उपयोगी पडले असतील, पण तीन वर्षांनी कोणी एकट्याने बसून पाहावेत असे ते नव्हते. मी तरी पाहिले नसते. २०१८-१९ मध्ये स्वयम या सरकारी ऑनलाइन मंचावर अर्पित हा शिक्षकांसाठीचा उजळणी वर्ग मी स्वतः केला होता. तेव्हा मी व्हिडिओ दीडपट वेगाने पळवत, पोळ्या लाटता लाटता ऐकत होते. हे कुठे बोलले नव्हते, पण कोर्स बांधताना सारखं आठवत राहिलं.

मग नव्याने आराखडा केला. तोही चुकीचा केला. पाठ्यपुस्तकातली दहा प्रकरणं घेतली, दहा आठवडे केले, दर आठवड्याला तीन तासांचे व्हिडिओ. कागद घेऊन आमच्या संगणकशास्त्राच्या सरांकडे गेले. कॉलेजचं मूडल, म्हणजे ऑनलाइन कोर्स चालवायची यंत्रणा, तेच सांभाळतात. त्यांनी कागद वरखाली पाहिला आणि म्हणाले, "मॅडम, हे तीस तास तुमचे आहेत का मुलांचे?"

मला प्रश्नच कळला नाही. त्यांनी समजावलं. तीस तास म्हणजे मुलाने त्या कोर्सवर घालवलेला वेळ. त्यात बघणं आलं, वाचणं आलं, उदाहरणं सोडवणं आलं, लिहिणं आलं. व्हिडिओ त्यातला थोडा भाग. स्वयमचे कोर्सही चार भागांत असतात: व्हिडिओ, वाचायचा मजकूर, चर्चा आणि मूल्यमापन. ते मला माहीत होतं, शिकणारी म्हणून मी त्यातून गेले होते. पण शिकवणारी झाल्यावर डोक्यात फक्त व्हिडिओच राहिला.

घरी आले आणि जुन्या दिनदर्शिकेच्या पाठीमागे नवा हिशेब मांडला. व्हिडिओ चार तास. वाचन पाच. सराव नऊ. स्वतः माहिती गोळा करून केलेला प्रकल्प आठ. चर्चा आणि चाचण्या मिळून चार. आठवडे सहा. दहा प्रकरणांची पाच झाली. सहसंबंध गेला, निर्देशांक गेले, कालश्रेणी गेली. तेवीस वर्षं शिकवलेली प्रकरणं काढताना जीव खालीवर झाला. निर्देशांक मी दोनदा परत घातले आणि दोनदा काढले.

सरांनी आणखी एक काम लावलं. प्रत्येक आठवड्यासमोर लिहायचं, की हा आठवडा संपल्यावर मुलाला काय करता येईल. कार्यशाळांमध्ये ब्लूमच्या १९५६ च्या वर्गीकरणाची क्रियापदं आमच्याकडून इतकी घोटून घेतली आहेत की मला त्याचा कंटाळा होता. पण इथे एक गोष्ट पटली. मी प्रत्येक आठवड्यासमोर "समजेल" असं लिहिलं होतं. समजलं की नाही हे मला घरबसल्या कसं कळणार? वर्गात चेहऱ्यावरून कळतं. मग "समजेल" खोडून लिहायला लागले: बाजार समितीच्या सात दिवसांच्या भावांवरून मध्यक काढेल. बातमीतली सरासरी फसवी आहे का ते सांगेल. हे लिहिल्यावर चाचणीत काय विचारायचं ते आपोआप ठरलं. आधी चाचणी आणि प्रकल्प ठरवला, त्याला लागेल तेवढंच वाचन ठेवलं आणि व्हिडिओ सगळ्यांत शेवटी. वर्गात मी आजवर याच्या बरोबर उलट करत आले होते.

सप्टेंबर नोट्समध्ये गेला. माझ्या नोट्स २००८ पासून टाइप केलेल्या होत्या, पण जुन्या फॉन्टात. मूडलवर चिकटवल्या की पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा दिसायचा. त्या युनिकोडमध्ये बदलून देणारी साधनं वापरून पाहिली. मजकूर बराचसा आला, पण जोडाक्षरं मोडली आणि कोष्टकांतले आकडे इकडचे तिकडे झाले. सांख्यिकीच्या नोट्समध्ये आकडा इकडचा तिकडे झाला तर उरलं काय? शेवटी सगळं मोबाइलवर बोलून टाइप केलं आणि मग बसून दुरुस्त केलं. ते मोडलेला मजकूर नीट करण्यापेक्षा लवकर झालं. ज्यांच्याकडे अशा जुन्या फायली असतील त्यांनी कोर्स ठरायची वाट न बघता आधी हे काम उरकून घ्यावं.

शब्दांचा घोळ त्याहून मोठा निघाला. दहावीच्या पुस्तकात मुलं मध्य, मध्यक, बहुलक शिकून येतात. आमच्या पदवीच्या पुस्तकांत कोणी मध्यमान म्हणतं, कोणी माध्य, तर कोणी सरळ सरासरी. मध्यकाची कुठे मध्यगा होते, कुठे मध्यका. वर्गात मी हे सगळे शब्द मिसळून वापरते आणि फळ्याकडे बोट दाखवते, म्हणून भागतं. इथे बोट दाखवायची सोय नव्हती. मध्य आणि मध्यक या दोन शब्दांत एका अक्षराचा फरक, आणि अर्थ वेगळे. मी दहावीचेच शब्द ठेवायचे ठरवलं आणि एका पानाची शब्दसूची केली. पण तोवर अर्ध्या नोट्स लिहून झाल्या होत्या. त्या परत उघडून एकेक शब्द बदलला. तरी दोन ठिकाणी मध्यगा राहिलीच. मुलांनी शोधून दाखवली.

ऑक्टोबरच्या शेवटी रेकॉर्डिंग सुरू केलं. कॅमेऱ्याची मला काळजी होती, आवाजाची नव्हती. व्हायला हवं होतं उलटं. पहिला व्हिडिओ दुपारी, पंखा लावून, मोबाइल समोर ठेवून केला. ऐकला तर माझ्यापेक्षा पंखा जास्त बोलत होता. पंखा बंद केला तर रस्त्यावरची ट्रॅक्टरची ट्रॉली, वर सासूबाईंचा मिक्सर. मग पहाटे पाच वाजता उठून करायचं ठरवलं. पहिल्याच दिवशी देवळात काकडा सुरू झाला. कोजागिरी होऊन गेली होती, आता कार्तिकी पौर्णिमेपर्यंत रोज पहाटे काकडा असणार, हे माझ्या लक्षातच नव्हतं. गावात जन्म काढून ही गत! शेवटी रात्री साडेनऊनंतरची वेळ धरली. आतली खोली, खिडकीला दोन गोधड्या, पंखा बंद, आणि कॉलरला लावायचा नऊशे रुपयांचा माइक. गोधड्यांनी फार फरक पडला. खोलीचा घुमणारा आवाज गेला. पैसे खर्च करायचे असतील तर माइकवर करावेत. माझा चेहरा जुन्याच मोबाइलने टिपला, त्याबद्दल कोणाचीच तक्रार आली नाही.

स्लाइड्स केल्या होत्या. त्या दाखवत बोलले की माझंच मला रटाळ वाटायचं. सांख्यिकी हाताने सोडवायची गोष्ट आहे. मग मोबाइल उलटा टांगला. टेबलाच्या दोन बाजूंना पुस्तकांच्या चळती, त्यावर आडवी लाकडी फळी, फळीबाहेर डोकावणारा मोबाइल, आणि तो हलू नये म्हणून त्यावर पीठ मोजायचं माप. खाली पाठकोरा कागद आणि जाड स्केचपेन. सगळ्या कोर्समध्ये दिसतो तो माझा हात आणि कागद. चेहरा फक्त दर आठवड्याच्या पहिल्या व्हिडिओत.

लांबीबद्दल सरांनी २०१४ चा एक अभ्यास सांगितला होता. एडएक्सवरच्या एकोणसत्तर लाख वेळा पाहिल्या गेलेल्या व्हिडिओंची माहिती त्यात तपासली होती, आणि सहा मिनिटांच्या पुढे लोकांचं लक्ष टिकत नाही असं दिसलं होतं. मी म्हटलं, प्रमाण विचलन सहा मिनिटांत? अशक्य. पण तुकडे पाडले. का लागतं, हा एक तुकडा. एक उदाहरण हळूहळू, हा दुसरा. त्याच उदाहरणात नेहमी होणाऱ्या चुका, हा तिसरा. एकूण चौतीस व्हिडिओ झाले. सात मिनिटांच्या पुढे गेलेले तीनच.

तरी पहिले आठ व्हिडिओ टाकून द्यावे लागले. आवाज स्वच्छ, अक्षर छान, सगळं बरोबर. पण बोलणं आकाशवाणीच्या बातम्यांसारखं. वर्गात मी अशी बोलत नाही. वर्गात मी एखाद्या मुलीच्या तोंडाकडे बघते, तिच्या कपाळावर आठी दिसली की मागे येते. खोलीत गोधड्या होत्या, आठी नव्हती.

गल्लीतच राहणारी तिसऱ्या वर्षाची एक मुलगी होती. मराठी विषयाची. गणिताला घाबरणारी. तिला म्हटलं, रोज रात्री तासभर येऊन नुसती समोर बस, काही कळलं नाही तर हात वर कर. पहिल्या दिवशी तिने एकदाही हात वर केला नाही. मीच तिच्याकडे बघून तीन वेळा थांबले. दुसऱ्या दिवशी मी प्रमाण विचलनाचं गणित करत असताना ती एकदम म्हणाली, "मॅडम, थांबा. हे वर्ग का करायचे? नुसते फरक मिळवले तर?" रेकॉर्डिंग चालू होतं. मी तिथेच नुसते फरक मिळवून दाखवले. बेरीज शून्य आली. "अय्या," ती म्हणाली. तो व्हिडिओ मी तसाच ठेवला, अय्यासकट. पुढचे सगळे व्हिडिओ ती समोर असताना केले. तिचा आवाज येऊ दे का, हे तिला आणि तिच्या आईला विचारून घेतलं. नाव कुठे घातलं नाही.

मजुरीचं उदाहरणही तिच्यामुळे सुधारलं. मी पुस्तकातलं कारखान्याचं उदाहरण घेतलं होतं. ती म्हणाली, आमच्याकडे कुठे आहे कारखान्यात असला पगार? मग घेतले सात जण: दिवसाचे ३५० रुपये मिळवणारे दोघे, ४०० वाले तिघे, ४५० वाला एक, आणि सातवा डाळिंबाचा बागाईतदार, दिवसाला ४००० वाला. सरासरी येते ९०७ रुपये. सातांतल्या एकाचंही उत्पन्न त्याच्या जवळपास नाही. मध्यक ४००. हे उदाहरण मुलांना पुढे प्रकल्पापर्यंत पुरलं.

सहा मिनिटांच्या एका व्हिडिओला तयारीसकट चार तास लागत होते. सुरुवातीला पाच. हे आधी कोणी सांगितलं असतं तर मी प्राचार्यांकडे एक तास कमी करून मागितला असता. ते न मागता मी दिवाळीची सुट्टी त्यात घातली. फराळ त्या वर्षी विकतचा आणला. सासूबाई काही बोलल्या नाहीत, पण चकली खाताना माझ्याकडे बघत होत्या.

बारीकसारीक चुका पुष्कळ झाल्या. एकदा ऐन गणितात बँकेचा फोन आला. तेव्हापासून मोबाइल आधी विमानातल्या मोडवर टाकायला लागले. एकदा मेमरी भरली आणि शेवटची चार मिनिटं टिपलीच गेली नाहीत. दोन व्हिडिओंत मी "पुढच्या सोमवारी चाचणी आहे" म्हटलं. म्हणजे ते एकाच वर्षासाठी उपयोगी. दोन्ही परत केले. तारीख, वार, सण, पानाचा नंबर, "वर डाव्या कोपऱ्यात दाबा" असलं काहीही व्हिडिओत बोलू नये. ते मजकुरात लिहावं, तिथे क्षणात बदलता येतं. आणि प्रमाण विचलनाच्या एका व्हिडिओत कागदावर ८४ लिहिताना मी तोंडाने "चौऱ्याहत्तर" म्हटलं. पुढचं गणित बरोबर आहे, उत्तर बरोबर आहे. ती चूक मला सगळं चढवून झाल्यावर सापडली. त्याविषयी पुढे सांगते.

डिसेंबरमध्ये सगळं मूडलवर चढवलं. एक वर्तमानपत्राचं कात्रण स्कॅन करून घातलं होतं, छान आलेख होता त्यात. ग्रंथपाल मॅडमनी अडवलं. वर्गात दाखवणं वेगळं, संकेतस्थळावर कायमचं ठेवणं वेगळं, परवानगी घेतलीय का? नव्हती घेतली. कात्रण काढलं आणि जनगणनेचे आकडे घेतले. २०११ ला महाराष्ट्रात दर हजार पुरुषांमागे ९२९ स्त्रिया होत्या. हे ९२९ टक्के नव्हेत, हे समजावण्यात एक अख्खा स्वाध्याय गेला, आणि तो कात्रणापेक्षा बरा झाला.

मुलांना द्यायच्या आधी एका मुलाकडून सगळं करून घेतलं. हे माझ्या हातून झालेलं सगळ्यांत शहाणपणाचं काम. आमच्या शिपाईमामांचा मुलगा, पहिल्या वर्षाला. त्याच्या मोबाइलच्या काचेला तडा गेलेला. मी मागे उभी राहिले आणि तोंड बंद ठेवायचं ठरवलं. त्याला पहिला आठवडा कुठे सुरू होतो तेच सापडेना. माझं स्वागताचं निवेदन एवढं लांब होतं की तो अंगठ्याने सरकवत सरकवत खाली गेला आणि व्हिडिओच्या पुढे निघून गेला. नऊ रकान्यांचं कोष्टक त्याच्या पडद्यावर साडेतीन रकान्यांचं झालं. नोट्सची पीडीएफ ३८ एमबीची होती, ती तो उतरवून घेईपर्यंत मी चहा पिऊन आले. त्याला दिवसाला दीड जीबी डेटा मिळतो, आणि तो घरात तिघं मिळून वापरतात.

मग निवेदन चार ओळींचं केलं. कोष्टकं तीन रकान्यांत मोडली. व्हिडिओ कमी आकाराचे केले, कागदावरची जाड अक्षरं तरीही नीट दिसतात. प्रत्येक आठवड्याच्या डोक्यावर एकच साचा ठेवला: या आठवड्यात काय करायचं, किती वेळ लागेल, कधीपर्यंत द्यायचं. प्रत्येक व्हिडिओखाली त्यातलं बोलणं लिहून घालायचंही तेव्हाच ठरलं, कारण नाव नोंदवलेल्यांत कमी ऐकू येणारा एक मुलगा होता. आपोआप उमटणारी मराठी अक्षरं भरवशाची नव्हती. मी आधी संहिता लिहून मग बोलले असते तर हे काम फुकटात झालं असतं. आता चौतीस व्हिडिओ ऐकून लिहून काढले. नेट कमी असलेली मुलं पुढे तेच वाचत होती, व्हिडिओ रात्री उशिरा बघत होती.

८ जानेवारी २०२४, सोमवार. कोर्स सुरू झाला. चौसष्ट नावं. मी सकाळपासून दर दहा मिनिटांनी कोण आत आलं ते बघत होते. संध्याकाळपर्यंत अकरा.

पहिल्या चाचणीची शेवटची तारीख रविवार १४ जानेवारी ठेवली होती. म्हणजे भोगी. सोलापुरात सिद्धेश्वराची गड्डा यात्रा भरलेली. निम्मी मुलं तिकडे. दिनदर्शिकेच्या पाठीवर आराखडा करताना तिची पुढची बाजू मी पाहिलीच नव्हती. मुदत वाढवली. पुढे रविवारची रात्र सोडूनच दिली आणि मंगळवारी संध्याकाळी पाच केली. अडचण आली तर कॉलेजात येऊन मला गाठता यावं म्हणून.

ती चाचणी आणखी दोन कारणांनी गाजली. सरासरीचं उत्तर संख्येत लिहायचं होतं. एकोणीस मुलांना शून्य. मी त्यांची उत्तरं उघडली तर बरोबर होती. त्यांनी मराठी कीबोर्डवरून देवनागरी आकडे टाकले होते आणि यंत्रणेला फक्त इंग्रजी आकडे कळत होते. प्रश्न मराठीत, नोट्स मराठीत, माझ्या कागदावर देवनागरी आकडे. मुलांनी दुसरं काय करायचं होतं? इंग्रजी आकडेच टाका, ही सूचना मी लिहायला हवी होती. काही जणांनी १२.३३ च्या जागी १२.३ लिहिलं, तेही चूक धरलं गेलं. उत्तरात थोडा फरक चालेल अशी सोय प्रश्न तयार करतानाच भरता येते, ती मी रिकामी सोडली होती. रात्री बसून सगळे गुण हाताने बदलले. सकाळी वर्गात माफी मागितली.

दुसरं कारण असं, की ज्यांना शून्य नव्हते त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना दहापैकी दहा होते, चार चार मिनिटांत. एका मुलाने उत्तरांची यादी चुकून मी असलेल्याच व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली. ब, अ, ड, ब. लगेच पुसली, पण मी पाहिली होती. मला राग आला. दोन दिवस आला. मग विचार केला, सगळ्यांना तेच दहा प्रश्न, तोच क्रम, आठवडाभर उघडे. मी त्या वयाची असते तर मीही विचारलंच असतं कोणाला तरी. मूडलमध्ये कॅल्क्युलेटेड नावाचा प्रश्नप्रकार आहे. त्यात प्रश्न एकच, पण प्रत्येकाला आकडे वेगळे येतात. ते शिकून घेतलं. चाळीस प्रश्नांची पेढी केली आणि प्रत्येकाला त्यातले दहा. चाचण्यांचं वजन कमी केलं आणि प्रकल्पाचं वाढवलं.

चर्चेचं पान दोन आठवडे रिकामं होतं. "कोणाला काही शंका?" असं मी लिहिलं होतं. शंका असली तरी सगळ्यांसमोर कोण लिहिणार? तिसऱ्या आठवड्यात प्रश्न बदलला: तुमच्या घरात रोज मोजली जाणारी एक गोष्ट सांगा. एका रात्रीत बावीस उत्तरं. डेअरीत घातलेलं दूध आणि त्याची फॅट. आईने शिवलेले ब्लाऊज. बोअरला पाणी किती तास चाललं. डाळिंबाच्या क्रेटला आलेला भाव. गावची गाडी स्टँडला किती वाजता लागली. त्याच गोष्टीचे दहा दिवसांचे आकडे लिहून त्यांचा मध्य, मध्यक आणि प्रमाण विचलन काढायचं, आणि त्यावर पाच ओळी लिहायच्या, हाच प्रकल्प ठेवला. वहीच्या पानाचा फोटो चालेल म्हटलं. यात नक्कल होईना. एका मुलाने मात्र आकडे मनाने रचले. १०, १२, १४, १६ असे शिस्तीत निघाले, म्हणून लक्षात आलं. विचारलं तर म्हणाला, "मॅडम, उसाच्या टोळीबरोबर होतो, मोजायला वेळ नव्हता." मी म्हटलं, टोळीने रोज किती ट्रॉल्या भरल्या ते तर तुला माहीत असेल? ते त्याला तोंडपाठ होतं.

तपासणीने मात्र मला झोपवलं. पहिल्या फेरीत प्रत्येकाला मी वेगळं पत्र लिहीत होते. मुलं रात्री अकराला मेसेज करत आणि मी उत्तरं देत होते. चौथ्या आठवड्यात माझ्या मुलाने घरात विचारलं, "आई, तू तिकडेच राहतेस का?" मग रोज रात्री आठ ते नऊ ही वेळ जाहीर केली. आश्चर्य म्हणजे मुलांनी ती पाळली. नेहमी लिहावे लागणारे पंधराएक शेरे एका फायलीत ठेवले, त्यातला लागू पडेल तो घालून खाली एक ओळ त्या मुलाच्या आकड्यांबद्दल लिहायची. ती एक ओळ मुलं वाचतात. वरचे शेरे वाचतात की नाही, शंका आहे.

चौसष्टांपैकी एकतीस जणांनी कोर्स पुरा केला. अहवालात मी तो आकडा लिहिला तेव्हा लाज वाटली होती. सोडून गेलेल्यांतल्या बारा जणांना फोन केला. पाच जण पहिल्या चाचणीच्या शून्यानंतर परत आलेच नव्हते. गुण बदलल्याचं त्यांना कळलंही नव्हतं, त्या सकाळी ते वर्गात नव्हते. दोघांचे मोबाइल बिघडलेले. बाकीचे "राहून गेलं मॅडम" म्हणाले.

ऑगस्ट २०२४ ला दुसरी फेरी घेतली. या वेळी पहिल्या आठवड्यात एक गुणांशिवायची चाचणी ठेवली, फक्त उत्तर कसं टाइप करायचं ते शिकण्यासाठी. पहिला तास प्रत्यक्ष कॉलेजच्या संगणक कक्षात घेतला, सगळ्यांनी आपापल्या मोबाइलवर आत जाऊन दाखवेपर्यंत सोडलं नाही. आठवडाभर आत न आलेल्याला दर शनिवारी मी फोन करत होते. बावन्नपैकी एकोणचाळीस जणांनी पुरा केला. तयारीला मला या वेळी तीन आठवडे लागले. त्यातले बहुतेक प्रश्नांची पेढी वाढवण्यात गेले.

प्रमाण विचलनाच्या व्हिडिओतलं "चौऱ्याहत्तर" मी दुरुस्त करणार होते. खाली सूचनाही लिहून ठेवली होती. दुसऱ्या फेरीच्या आधी सूचना काढली आणि व्हिडिओ तसाच ठेवला. तिसऱ्या आठवड्याच्या बुधवारी चर्चेच्या पानावर एका मुलीने लिहिलं, "मॅडम, चार मिनिटं दहा सेकंदांना तुम्ही ८४ ला ७४ म्हणालात." शनिवारपर्यंत अजून सहा जणांनी लिहिलं. बाकीच्यांपैकी कोणाला फोन करायचा, ते मी त्यावरून ठरवलं.